खाचेवरची टिकली

नीरज सरांना प्रश्न आवडत नसत. नोकरांनी विचारलेले नाहीत, गिऱ्हाइकांनी विचारलेले नाहीत आणि मशीनने विचारलेले तर मुळीच नाहीत. "कॉम्प्युटरने सवाल केला की पार्टी घाबरते," ते म्हणायचे, "आणि पार्टी घाबरली की फोन करते." फोन आला म्हणजे कुणाला तरी हातातलं काम टाकून जावं लागे, आणि सरांच्या मते धंदा तिथेच बुडत असे.

त्यांची कंपनी हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात होती. अलीकडच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या ओतायचे, पलीकडच्यात लोखंडी कपाटांना रंग मारायचे आणि मधल्या गाळ्यात, दोन्हीकडचा वास खात, स्वप्नाली प्रोग्रॅम लिहायची. लालबागची खोली विकून शांती नगरात ब्लॉक घेतलेल्या घरातली ही पोरगी. जीभ तिखट, पण पगार देणाऱ्यासमोर ती दातांच्या आड ठेवायची, असं आईने बजावून पाठवलेलं. ती सवय कशी मोडली त्याची ही गोष्ट. साल एक्याण्णव, दिवाळी नुकती होऊन गेलेली.

कंपनीचं एक गिऱ्हाईक म्हणजे शांती नगरच्या टोकाला असलेला, एका ट्रस्टचा क्षयाचा दवाखाना. क्षयाच्या रोग्याला महिनोन् महिने औषध द्यावं लागतं, आणि ते मध्येच सुटलं तर रोग दुप्पट जोराने उलटतो. कुणाचा कितवा महिना चाललाय, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, कोण आलं नाही, हे सगळं स्वप्नालीने लिहिलेला प्रोग्रॅम सांभाळायचा. रोज सकाळी शेवंती सिस्टर मशीन लावायच्या, कोण चुकलंय ते बघायच्या आणि दुपारी त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. खाणीत दगड फोडणारे दांडगे गडीसुद्धा सिस्टर येताना दिसल्या की मुकाट्याने गोळी गिळायचे. मशीन आलं तेव्हा नीरज सरांनीच सांगितलं होतं, आता कागदावर लिहायची गरज नाही, दोन-दोन ठिकाणी कशाला डोकं शिणवता? डॉक्टर आत्माराम सामंत दवाखान्याचे प्रमुख. त्यांना ते पटलं आणि कागद बंद झाला.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली. ती बसवायचं काम एका बॅच फाइलकडे होतं. बॅच फाइल म्हणजे एकाखाली एक लिहिलेले हुकूम. मशीन भाबडं असतं. सांगितलं ते ओळीने करत जातं, मागे वळून बघत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने चारदा मागे वळून बघायचं असतं. स्वप्नालीने रोग्यांच्या फाइलींना 'फक्त वाचा' असं कुलूप घालून ठेवलं होतं, म्हणजे चुकूनही त्या कुणाच्या हातून पुसल्या जाऊ नयेत. नवी आवृत्ती बसवताना ते कुलूप काढायचं, बॅकअपची फ्लॉपी साफ करायची, फाइली तिच्यावर उतरवायच्या, मग हार्ड डिस्कवरच्या जुन्या फाइली पुसायच्या, नवा प्रोग्रॅम बसवायचा, फ्लॉपीवरून फाइली परत आणायच्या आणि पुन्हा कुलूप घालायचं. पुसायच्या हुकमाच्या आधी तिने दोन ओळी घातल्या होत्या. फाइल फ्लॉपीवर खरंच पोचली का ते बघ. पोचली नसेल तर कशाला हात न लावता थांब आणि तसं सांग.

त्या दोन ओळी सरांना नडल्या. भाईंदरच्या एका औषधाच्या दुकानात फ्लॉपी खराब निघाली, काम मध्येच थांबलं आणि दुकानदाराचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सर स्वप्नालीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"ये दो लाइन निकाल दे."

"सर, फ्लॉपीवर लिहिलंच गेलं नाही तर?"

"का नाही लिहिलं जाणार?"

"कशानेही. फ्लॉपी खराब असेल, भरलेली असेल. अशा वेळी न बघता पुसलं तर पार्टीचा सगळा डेटा जाईल."

"तू फार निगेटिव्ह बोलतेस. आणि ते डॉस मध्येच विचारत बसतं ना, थांबू का, परत करू का, ते पण बंद कर. सगळ्याला आपोआप उत्तर गेलं पाहिजे, झालं नाही तरी पुढे चल. पार्टीला शेवटचं 'सक्सेसफुल' तेवढं दिसलं की बस. प्रॉडक्ट माझं आहे, मॅडम."

झालं नाही तरी पुढे चल! भाकरी करपली तरी वाढ, पूल पडला तरी गाडी घाल. असले हुकूम द्यायला अक्कल लागत नाही, फक्त खुर्ची लागते. स्वप्नालीने दात-ओठ खात त्या ओळी काढल्या. त्या दिवशी घरी जाऊन ती आईवर उगाचच खेकसली आणि आईने विचारलं तेव्हा कारण सांगितलं नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी गाळ्यातला फोन वाजला. सरांनी उचलला. पलीकडे डॉक्टर सामंत होते आणि त्यांचा आवाज स्वप्नालीला टेबलापलीकडूनही ऐकू येत होता. सर मात्र थंड. "हो हो... म्हणजे शून्य दाखवतंय?... नाही, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं होऊच शकत नाही. तुमच्याच माणसाकडून काहीतरी झालंय. येतो." रिसीव्हर ठेवून ते म्हणाले, "चल. त्या नर्सबाईने घोळ घातलाय."

"काय झालंय?"

"शुक्रवारी तिने इन्स्टॉल चालवलं. पेशंट गायब. शनिवारी मी फोनवर सांगितलं, परत एकदा चालव. तरी गायब."

एकदा पुसलेली फाइल डिस्कवरून पुष्कळदा उकरून काढता येते. पण तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की संपलं. आणि सरांनी शनिवारी त्याच जागेवर पुन्हा सगळं लिहायला लावलं होतं, तेही स्वप्नालीला न विचारता! स्कूटरवर मागे बसून ती सरांच्या मानेकडे बघत होती. असली मान दिसली की कुणाच्याही हाताला कंड सुटेल, असा तिला त्या वेळी आलेला विचार तिने नंतर आईला सांगितला.

दवाखान्याच्या ओट्यावर माणसं दाटीने बसली होती. एरवी सकाळच्या पहिल्या तासात अर्धी गर्दी औषध घेऊन कामावर गेलेली असे. शनिवारपासून कुणालाच औषध मिळालेलं नव्हतं. जवळच्या काशी गावचा सदू नावाचा खाणकामगार दारातच उभा होता, डोळे खोल गेलेले.

"सिस्टरबाय, माना गोली देशील का नाय?"

"थांब रे बाबा," शेवंती सिस्टर म्हणाल्या. "तुला कावीळ झाली होती ना, त्यानंतर एक औषध बंद केलं होतं. कुठचं ते बघितल्याबिगर मी तुला काही देणार नाही. चुकीचं गेलं तर लिव्हर जाईल तुझं."

"आन् नाय दिलं तं?"

शेवंती सिस्टर रत्नागिरीकडच्या, पन्नाशीला टेकलेल्या. नवरा गेला त्याला काही वर्षं झाली होती. कपाळाला काहीच लावायच्या नाहीत. दवाखान्यातला एकूण एक रोगी त्यांना चेहऱ्याने, खोकल्याने, त्याच्या बायकोच्या नावाने ठाऊक होता. पण कुणाला कोणतं औषध किती, हे डोक्यातून सांगायला त्या तयार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. डॉक्टरांनाही सगळं आठवत नव्हतं. कावीळ झालेले आणखीही होते. कुणाचं कोणतं औषध थांबवलं ते त्या मशीनमध्ये होतं, आणि मशीन म्हणत होतं, रोगी शून्य.

स्वप्नालीने तासभर डिस्क उकरली. जुन्या फाइलींच्या जागी नवा प्रोग्रॅम ऐसपैस पसरून बसला होता. कुठे अर्धं नाव, कुठे कुणाचा पत्ता, बाकी सगळा कचरा. तिने नकारार्थी मान हलवली.

"पण बॅकअप?" डॉक्टरांनी विचारलं. "सिस्टर महिन्याला घेतात की बॅकअप."

"त्याच फ्लॉपीवर ना?" सर म्हणाले. "ती तर इन्स्टॉल पहिल्यांदा साफ करतं. गेलं ते पण. कुठे आहे ती फ्लॉपी?"

सिस्टरांनी खोक्यातून ती काढून दिली. त्या काळातली मोठी, लवलवती, काळी फ्लॉपी. सरांनी ती उजेडात धरली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आनंद पसरला. दुसऱ्याची चूक सापडली की काही माणसांना भूक लागते, तसं ते दिसत होते.

"मिल गया! डॉक्टर, हे बघा. हे काय आहे?"

फ्लॉपीच्या कडेला एक मोठी, मखमली, गर्द लाल टिकली चिकटवलेली होती.

"ह्या कडेला एक खाच असते," सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले. ओट्यावरची माणसंही दारातून डोकावत होती. "खाच उघडी असली तर मशीन फ्लॉपीवर लिहितं. झाकली तर नुसतं वाचतं, लिहीत नाही. बाईंनी नेमकी खाचेवर टिकली लावली! फाइली उतरल्याच नाहीत फ्लॉपीवर. आता बोला. यात माझ्या सॉफ्टवेअरची काय चूक?"

डॉक्टर सिस्टरांकडे वळले. "तुम्ही लावलीत ही?"

"मीच लावली." सिस्टर सरळ उभ्या होत्या. "खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा करतात. तुम्ही गावाला गेला होता. मी वजनकाट्याची केली, सुयांच्या डब्याची केली, मशीनची केली. फ्लॉपीला ओलं कुंकू लावलं तर ती बिघडते, म्हणून टिकली लावली. मध्ये भोक, वर लेबल, म्हणून आपली कडेला लावली. घरात पाकीट पडून होतं. मला काय लागत नाहीत आता."

"अहो, पण पूजा तुम्ही कशाला करायला गेलात?" डॉक्टर चिडून म्हणाले. "तुम्ही स्वतः अशा... दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं. सोसायटीतल्या कुणाही बाईने केली असती."

अशा म्हणजे कशा, ते त्यांनी सांगितलं नाही. एमबीबीएस झालेला माणूस, भिंतीवर जंतूंची चित्रं लावणारा, त्याला विधवा बाईच्या हातची टिकली अपशकुनी वाटली! तोंडातून निघालेला शब्द त्यांनी अर्ध्यात गिळला, पण तो पोचायचा तिथे पोचला होता. ओट्यावरच्या एका म्हातारीने "शिव शिव" केलं, ते कुणासाठी होतं कोण जाणे.

स्वप्नालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ओलं कुंकू लावू नका, हे सिस्टरांना सांगितलं होतं तिनेच. मशीन शिकवायला आली होती तेव्हा सिस्टरांनी विचारलं होतं, आणि तिने म्हटलं होतं, ओलं काही नको, फ्लॉपी वाया जाईल. बाईने तो शब्द जिवापाड पाळला, आणि आता एवढं ऐकून घेत असताना त्या एकदासुद्धा म्हणाल्या नाहीत, की ह्या पोरीने सांगितलं म्हणून.

"ओलं लावू नका असं मी सांगितलं होतं त्यांना," स्वप्नाली म्हणाली. "म्हणून त्यांनी टिकली लावली. आणि सर, फ्लॉपी झाकलेली होती तर इन्स्टॉल थांबायला पाहिजे होतं. माझ्या त्या दोन ओळी असत्या तर..."

"स्वप्नाली, तू गप्प बस."

"असत्या तर काही पुसलं गेलं नसतं! काढायला लावल्यात तुम्ही."

"पार्टीसमोर टेक्निकल बडबड नको म्हटलं ना!" सर दबक्या आवाजात खेकसले आणि लगेच डॉक्टरांकडे बघून हसले. "डॉक्टर, आमचं सॉफ्टवेअर किती जागी चालतंय. कुठे प्रॉब्लेम नाही. इथेच का? कारण इथे फ्लॉपीला टिकली लावतात. माझं काही म्हणणं नाही, श्रद्धा ज्याची त्याची. पण असा स्टाफ मशीनवर बसवाल तर आम्ही काय करणार?"

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. बाहेर माणसं खोकत होती. "सिस्टर," ते म्हणाले, "ट्रस्टला मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. उन्हातान्हात खाणीपर्यंत चालत जाणारी बाई दोन मिनिटांत नको झाली. सिस्टरांनी औषधांच्या कपाटाची किल्ली कंबरेची काढली आणि टेबलावर ठेवली.

"आता बघा," सर म्हणाले. त्यांना आता जोर चढला होता. "मी तुम्हाला प्रूव्ह करून दाखवतो. ही टिकली काढतो, इन्स्टॉल परत चालवतो, कसं फर्स्ट क्लास चालतं बघा. मग पेशंट नवीन भरून घ्या, दुसरं काय करणार." ते खुर्चीवर बसले, इन्स्टॉल चालवण्याचा हुकूम पडद्यावर लिहून ठेवला आणि टिकलीच्या कडेखाली नख घातलं.

राग आला की काहींचं डोकं बंद पडतं. स्वप्नालीचं चालायला लागायचं. सर बोलत होते तेवढा वेळ ती मनातल्या मनात आपली बॅच फाइल ओळीओळीने वाचत होती, एवढ्यासाठीच, की डॉक्टरांना समजेल अशा भाषेत सांगता यावं, नेमकं कुठे चुकलं. खाच झाकलेली. पहिली ओळ, कुलूप काढ. निघालं, कारण ते हार्ड डिस्कवर होतं. दुसरी ओळ, फ्लॉपी साफ कर. मशीन म्हणालं असेल, करता येत नाही, आणि सरांच्या हुकमाने उत्तर गेलं असेल, झालं नाही तरी पुढे चल. तिसरी ओळ...

ती दुसऱ्या ओळीवर परत आली. फ्लॉपी साफ करता आली नाही. साफ करणं हेही लिहिणंच. फाइली उतरवता आल्या नाहीत, तशी फ्लॉपी साफही करता आली नसणार!

"थांबा!"

सर थांबले नाहीत. टिकलीची कड उचकटली गेली होती. स्वप्नालीने पुढे झेप घेतली आणि त्यांचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, पिळलं. स्टूल कलंडलं, पेनांचा डबा जमिनीवर सांडला, सर "अगं ए!" करत खुर्चीतून उठले.

"टिकली काढू नका! हात काढा आधी! सर, हात काढा म्हणते ना!"

"पागल झालीस काय?"

"ती काढलीत आणि इन्स्टॉल चालवलंत तर फ्लॉपी आता साफ होईल. आता! अजून झालेली नाही! दोनदा चालवलं तरी झालेली नाही, कारण टिकली होती." ती सिस्टरांकडे वळली. "सिस्टर, शेवटचा बॅकअप कधी घेतला होता?"

"खंडेनवमीच्या सकाळी," सिस्टर म्हणाल्या. "पूजेच्या आधी. देवापुढे रिकामी कशी ठेवायची?"

स्वप्नालीने सरांच्या बोटांतून फ्लॉपी सोडवून घेतली, खुर्चीवर बसून ती टिकलीसकट मशीनमध्ये घातली, सरांनी लिहून ठेवलेला हुकूम खोडला आणि फ्लॉपीवर काय आहे ते दाखव, असं मशीनला सांगितलं. फ्लॉपी घरघरली. मग पडद्यावर एकाखाली एक नावं उमटली. जुन्या आवृत्तीने तारीख घालून ठेवलेल्या फाइली, सगळ्याच्या सगळ्या. नव्या इन्स्टॉलने त्या कधी शोधल्याच नव्हत्या. ते आपल्या नव्या नावाची, कधी लिहिलीच न गेलेली फाइल शोधत राहिलं होतं.

एक फाइल उघडली. काशी गाव, सदू, खाणकामगार. कावीळ. रिफाम्पिसिन बंद.

शेवंती सिस्टरांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि कपाट उघडलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही. "सदू, ये इकडे. पाणी आणलंयस?"

"आनलंय, सिस्टरबाय."

"मग तोंड उघड."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. खंडेनवमीनंतरच्या दिवसांच्या नोंदी तेवढ्या गेल्या होत्या, पण त्यात फारसं काही बदललेलं नव्हतं. आठवून, रोग्यांना विचारून भरता येण्यासारखं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि सर? सरांनी मनगट चोळलं, केस नीट केले आणि हसले.

"देखा, डॉक्टर? म्हणून मी प्रत्येक पार्टीला सांगतो, बॅकअप घेत चला. आमच्या ट्रेनिंगमुळेच वाचलात."

पडलो तरी नाक वर! स्वप्नाली खुर्चीवरून उठली. आईने बजावलेलं सगळं त्या क्षणी खाडीपलीकडे गेलं.

"तुमच्या ट्रेनिंगमुळे?" ती म्हणाली. "तुम्ही कागद बंद करायला सांगितलात. तुम्ही माझ्या ओळी काढायला लावल्यात. शनिवारी मला न विचारता परत चालवायला लावलंत, नाहीतर डिस्कवरून तरी काढलं असतं मी. आणि आत्ता, आत्ता तुम्ही उरलेलंही पुसणार होतात, हिरोगिरी दाखवायला! हे सगळे वाचले ते ह्या टिकलीमुळे. तिने तुमच्या फाइलला अडवलं, दोनदा. जे माझ्या दोन ओळी करणार होत्या, ते तिने केलं. आधी सिस्टरांची माफी मागा."

"इमोशनल मत हो. टेक्निकली बघितलं तर टिकली नसती तर प्रॉब्लेमच..."

"टेक्निकली! फ्लॉपी खराब निघाली असती तर? भाईंदरला निघाली तशी? तेव्हा कुणाच्या टिकलीला नाव ठेवलं असतंत?"

मुद्दा संपला की माणूस अधिकार काढतो. "तुला उद्यापासून यायची गरज नाही," ते म्हणाले.

"उद्या कशाला? आजच संपलं. पण मी हे सगळं परत लावून, त्या दोन ओळी घालून मगच इथून उठणार. आणि बाकीच्या ज्या ज्या पार्टीकडे तुम्ही हे इन्स्टॉल पाठवलंय, त्या सगळ्यांना मी इथूनच फोन करणार. डॉक्टर, फोन वापरू ना?"

"वापरा, वापरा," डॉक्टर घाईने म्हणाले.

सर दारापर्यंत गेले, परत वळले, काहीतरी बोलणार होते. ओट्यावरची माणसं त्यांच्याकडे बघत होती. क्षयाचे रोगी, कामाचा खाडा झालेले, सकाळपासून उपाशी बसलेले. त्यांना बॅच फाइल समजली नव्हती, पण कोण काय पुसायला निघालं होतं ते नीट समजलं होतं. सर स्कूटरकडे गेले.

स्वप्नाली पुन्हा मशीनपुढे बसली. मागे सिस्टर एकेकाला नावाने हाक मारत होत्या, ती एकेकाची फाइल उघडून औषध वाचून दाखवत होती. गर्दी ओसरली तेव्हा डॉक्टर घसा खाकरून पुढे आले.

"सिस्टर, मगाशी जरा... रागाच्या भरात बोललो. झालं गेलं विसरा. उद्यापासून नेहमीसारखं या."

शेवंती सिस्टरांनी कपाटाला किल्ली लावली. किल्ली कंबरेला खोचली. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"येणारच आहे मी. ही माणसं माझ्या भरवशावर आहेत, तुमच्या नाही. पण विसरणार काही नाही, डॉक्टर. पुढच्या खंडेनवमीला पूजा मीच करणार, माझ्या ह्याच हातांनी. आणि तुम्ही गावाला जायचं नाही. इथे, ह्या मशीनसमोर, सगळ्या पेशंटांच्या देखत हात जोडून उभं राहायचं."

डॉक्टर खाली बघत "बरं" म्हणाले.

स्वप्नालीने फ्लॉपी काढून सिस्टरांच्या हातात दिली. सरांच्या नखाने टिकलीची एक कड उचकटली होती. सिस्टरांनी ती अंगठ्याने दाबून धरली, चिकटली का ते बघितलं आणि फ्लॉपी खोक्यात ठेवून दिली.